स्टुडबेकरची पुढची सीट

आबा, काल माझ्या पोराने तुमच्या स्टुडबेकर गाडीवर भाषण केलं. इंग्रजीत केलं. आणि त्या भाषणात, चार गोऱ्या म्हाताऱ्यांच्या समोर, मला ढ म्हटलं. वाक्य तुमचंच होतं. सुट्टीत आजोळी आला की तुम्ही त्याला मांडीवर घेऊन जे पढवायचात त्यातलं. म्हणून पोराला मी अर्धंच बोलले, उरलेलं तुमच्यासाठी ठेवलं. मेलेल्या बापाला पत्रात झाडणारी बाई काही चांगली दिसत नाही, हे मला कळतं. पण जिवंतपणी बोलायची सोय नव्हती, मेल्यावर बोलायचं नाही, मग बोलायचं कधी? मी मेल्यावर?

मी पोराकडे ऑस्ट्रेलियात आहे. मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिना म्हणून वस्ती आहे, तिथं. थोड्या महिन्यांसाठी आले आणि हा रोग आला. विमानं बंद. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढं जायचं नाही, रात्री उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, किराण्याला घरातलं एकच माणूस. इथं सगळी घरं एकसारखी, दारापुढं गवताची पट्टी एकसारखी, आणि निम्म्या घरांतून फोडणीचा वास. पोरगा वरच्या खोलीत लॅपटॉपपुढं बसून नोकरी करतो, सून जेवणाच्या टेबलावर करते, आणि नात अंथरुणात लोळत शाळा करते. शाळा घरात चालून आलीय आबा, आणि ही पोरगी कॅमेरा बंद करून डोक्यावरून पांघरूण घेते. मी रोज सकाळी ते पांघरूण ओढते. ती म्हणते, "आजी, चिल. फक्त रोल कॉल आहे." रोल कॉल काय ते मला कळत नाही. कुणीतरी हिचं नाव घेतंय आणि ही हजर म्हणतेय, एवढं कळतं. तेवढं पुरतं मला राग यायला.

घरात कोंडल्यावर माणसांना नाद लागतात. शेजारच्या पंजाबी बाईने पाव भाजायचा नाद लावून घेतला, माझ्या पोराने तुमच्या गाडीचा. बंद पडलेल्या त्या अमेरिकन कंपनीच्या गाड्या सांभाळणाऱ्या लोकांचा एक क्लब आहे इथं. एरवी ते रविवारी गाड्या काढून मिरवतात. आता गाड्या गॅरेजात आणि माणसं घरात, म्हणून दर रविवारी कॉम्प्युटरवर जमतात आणि एकेक जण आपल्या घरच्या गाडीची गोष्ट सांगतो. ती नंतर त्यांच्या मासिकात छापतात. ही कंपनी मरून पन्नास वर्षांवर झाली, तरी हे म्हातारे तिची आठवण अशी काढतात जशी कुणी आईची काढत नाही. बघा, तिकडे ते स्टुडबेकर भाऊ कसे लोहारकाम करायचे, घोड्यांच्या गाड्या कशा बनवायचे, सोनं खणायला निघालेल्यांना ढकलगाड्या करून कशा विकल्या, आधी विजेची मोटार काढली आणि मग पेट्रोलची. हे सगळं पोराने भाषणात सांगितलं, नात मला कानाशी मराठीत सांगत होती, आणि माना डोलल्या. मला त्यातलं नवीन काही नव्हतं. तुम्ही हेच सांगायचात, कट्ट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला. आजा आपला बैलगाड्या करायचा ना. तुम्ही म्हणायचात, "ते बी आपल्यासारखेच. चाकाला लोखंडी धाव चढवणारी माणसं. आपल्यातलीच गाडी हाय ही." अमेरिकेत सोयरीक लावून बसला होता तुम्ही.

गाडी आली तो दिवस मला दिसतो. एका जहागीरदाराच्या कारभाऱ्याकडून तुम्ही ती घेतली, जुनी, पण चमकणारी. दारात उभी राहिली तेव्हा गल्लीतल्या पोरांचं भांडण लागलं, हिचं तोंड कुठलं आणि ढुंगण कुठलं. पुढं विमानासारखं टोकदार नाक, मागंही तसाच निमुळता उतार. आई चुलीपुढनं हात पुसत आली, तिनं आधी नारळ मागच्या बाजूला ओवाळला. तुम्ही ओरडलात, "अगं, नाकाला दाखव, नाकाला!" त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. मी पाचवीत होते. मला गाडी आवडली होती, हे मी नाकबूल करत नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला चमकणारी वस्तू आवडायचीच.

मग लग्नसराई आली. आपल्या कोल्हापूरच्या बाजूला मोठ्या घराण्यांत बायकांना गोषा. परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही, आवाजसुद्धा ऐकू द्यायचा नाही. त्या बायकांना लग्नाला न्यायचं तर मोटार हवी, मोटारीला मागच्या काचांना आणि पुढच्या सीटमागं पडदे हवेत, आणि मोटार चालवणारा तर पुरुषच. तुमच्या गाडीची मागची दारं उलटी उघडायची, म्हणजे नववारी सावरत बाईला नीट आत बसता यायचं. त्यामुळं मागणी तुमच्या गाडीलाच. पण नुसता ड्रायव्हर नको, बरोबर एखादं बाईमाणूस असेल तर पाठवू, असं एका वाड्यावरनं सांगणं आलं. आईला न्यायचं तर घरी धाकटी अंगावर पीत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. झालं. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या सीटवर. ड्रायव्हरची पोरगी बरोबर आहे म्हटल्यावर गाडी घरातली झाली, ड्रायव्हर घरातला झाला. तुमच्या अब्रूचा परवाना होते मी, दोन वेण्या घातलेला.

काम काय, तर बसायचं. आणि निरोप द्यायचे. मागनं पडद्याआडनं आवाज यायचा, "ए पोरी, तुझ्या बाला सांग, जरा हळू हाक म्हणावं." तुम्ही माझ्यापासनं हातभर अंतरावर. तुम्हाला ऐकू आलेलं असायचं. पण ऐकू आलं असं दाखवायचं नाही, कारण घराण्यातल्या बाईचा आवाज तुमच्या कानावर पडता कामा नये. मग मी मान वळवून म्हणायची, "आबा, हळू हाका." मग तुम्ही म्हणायचात, "बाईसाहेबांना सांग, जी." मग मी मागं वळून म्हणायची, "जी म्हणत्यात." एकदा एक म्हातारी बाईसाहेब वैतागून म्हणाली, "ऐकलं गं मी, बहिरी न्हाई." आणि तुम्ही हसू दाबता दाबता गाडी गटारीच्या कडेला नेलीत. ही गोष्ट तुम्ही माझ्या पोराला शंभरदा सांगितलीत. तो काल तीच सांगत होता. म्हातारे पोट धरून हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

पण लग्नसराई संपली आणि तुम्ही मला शाळेत पाठवलं नाहीत. जत्रा होत्या, डोहाळजेवणं होती, माहेरवाशिणी न्यायच्या-आणायच्या होत्या. गुरुजी घरी आले. तुम्ही गाडीखाली होता, तसेच पाठीवर सरकत बाहेर आलात, हाताला ग्रीस. गुरुजी म्हणाले, "पोरगी चांगली आहे हो, वाचन चांगलं आहे. आठवड्यातून निम्मे दिवस तरी पाठवा." तुम्ही म्हणालात, "तिचं डोस्कं चालत न्हाई गुरुजी. तिलाच नको झालीया शाळा. इचारा की तिला." आणि माझ्याकडे बघितलंत. ती नजर मी अजून ओळखते. मी म्हटलं, "नको." गुरुजी गेले. चहा न घेता गेले. तुम्ही परत गाडीखाली सरकलात आणि मला म्हणालात, "पाना दे." एवढ्याशा पोरीच्या तोंडनं तुम्ही अंगठा उठवून घेतलात, आबा, आणि पुढं आयुष्यभर तो अंगठा लोकांना दाखवत फिरलात. "आमच्या थोरलीला शाळा म्हंजे इख. गाडी दिसली की दप्तर टाकून पळायची." नातेवाइकांना सांगितलंत, माझ्या सासऱ्यांना सांगितलंत, माझ्या नवऱ्याला सांगितलंत, तो बिचारा मरेपर्यंत बँकेतले कागद माझ्यापासनं लपवायचा, हिला कळायचं नाही म्हणून.

त्याच्यानंतरचं तर तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. ते मी सांगते. गाडीत बसून बसून मी करणार काय? पाट्या वाचायची. दुकानांच्या, मैलाच्या दगडांच्या, सिनेमाच्या, धर्मशाळेच्या. मोठ्याने वाचायची, जोडाक्षर आलं की दोनदा. विसरू नये म्हणून. एक दिवस मागनं पडद्याआडनं आवाज आला, "पोरी, कितवीत हाईस गं?" मी म्हटलं, "पाचवीत होते." "होते म्हंजे? एवढं खडाखडा वाचतीस आणि साळंत का न्हाईस?" मी तुमच्याकडे वळले. निरोप द्यायचं काम माझंच ना. मी म्हटलं, "आबा, विचारत्यात, साळंत का न्हाई." तुम्ही रस्त्याकडे बघत राहिलात. पहिल्यांदा असं झालं की तुम्ही उत्तर दिलं नाहीत आणि मला मागं वळून सांगायला काही नव्हतं. घरी आल्यावर तुम्ही दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "उद्यापास्नं गाडीत पाट्या वाचायच्या न्हाईत. तोंड मिटून बसायचं." मारलं नाहीत. तुम्ही कधी मारलं नाहीत, हे तुम्ही चांगलेपणात धरायचात. चार दिवसांनी मला रेशमी परकर-पोलकं आणलंत, जांभळं, जरीच्या काठाचं. आई म्हणाली, बघ, बाप किती जीव लावतो. पुढच्या सीटवर पोरगी बरी दिसावी म्हणून होतं ते. मी ते घातलं आणि तोंड मिटून बसले. पाट्या समोरनं जात राहिल्या. मनात वाचायला तुमची परवानगी लागत नव्हती, पण मनात वाचलेलं फार टिकत नाही. जोडाक्षरं आधी गेली. हे लिहितानाही प्रत्येक ओळीला अडखळतेय मी, ते त्याच्यामुळं.

गाडीला मी नावं ठेवणार नाही. तिचा काय दोष. घाटात तर तिच्यासारखी गाडी नव्हती. दुसऱ्या मोटारी चढणीवर थांबल्या की क्लीनर दगड घेऊन मागच्या चाकाकडे धावायचा. हिचा क्लच दाबून धरला की ब्रेकवरनं पाय काढला तरी ही जागची हलायची नाही. तुम्ही मुद्दाम मधेच थांबवायचात, दोन्ही हात वर करून दाखवायचात, मागं बायका किंचाळायच्या आणि तुम्ही मला म्हणायचात, "सांग बाईसाहेबांना, काय हुत न्हाई." मग तिकडे अमेरिकेत कंपनीचा मोठा कारखाना बंद झाल्याचं कानावर आलं, मग कॅनडातला. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. सुटे भाग मिळेनात, लेथवर करून घ्यायचात, एका गाडीचं काढून दुसरीला लावायचात. माझं लग्न त्याच्या आधीच उरकलेलं. मला सासरी सोडायला हीच गाडी होती, फुलं लावलेली. मी मागं पडद्याआड बसले, आणि फटीतनं पुढच्या सीटवर बघितलं तर धाकटी. जांभळं परकर-पोलकं तिला अजून मोठं होत होतं, पाठीला टाचण्या मारलेल्या. तिलाही तुम्ही त्याच वर्षी शाळेतनं काढलं होतंत. रस्ताभर मी तिच्या वेण्या बघत होते. तुम्ही तिला निरोप द्यायला सांगितलंत, "ताईला इचार, पाणी पायजे का."  गाडी शेवटी भंगारात गेली तेव्हा तुम्ही ढसाढसा रडलात म्हणे. आईने सांगितलं मला. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

तर कालचं. पोरगा भाषण संपवता संपवता तुमचं ते दप्तर टाकून पळायचं वाक्य बोलला, आणि कॉम्प्युटरवरचे सगळे माझ्याकडे बघून हसले. मी नातीला विचारलं, "काय म्हणाला?" ती माझ्या शेजारी बसली होती, सांगेना. "आजी, इट्स जस्ट अ जोक." मी म्हटलं, "जोक काय तो सांग." तिनं सांगितला. तेवढ्यात क्लबचा म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, तो माझ्याशी बोलायला लागला. नातीने सांगितलं, "ते विचारतायत, गाडी चढावर कशी होती? इथल्या पोलिसांकडे पण ह्याच कंपनीच्या गाड्या होत्या, असं म्हणतायत."

"सांग, चढावर उत्तम होती."

तिनं सांगितलं. म्हातारा खूश. मग विचारलं, तुम्हाला गाडीतलं सगळ्यात जास्त काय आवडायचं?

"काही नाही."

"आजी, प्लीज. पोलाइटली काय सांगू?"

"पोलाइटली सांग, काही नाही."

तिनं सांगितलं. मग मी म्हटलं, आता मी बोलते आणि तू एकेक वाक्य त्यांना सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. मी गुरुजींचं सांगितलं. पाट्यांचं सांगितलं. धाकटीचं सांगितलं. पोराने मधेच हात पुढं केला, माइक बंद करायला. नातीने बापाचा हात बाजूला सारला. तिनं एक शब्द गाळला नसावा, कारण पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतलं हसू हळूहळू मिटत गेलं.  मिशांवाला म्हणाला, "फेअर इनफ." आणि विचारलं, आजी पुढं शिकल्या का? मी म्हटलं, "नाही." झालं. मग कुणीतरी दुसऱ्या गाडीचं बोलायला लागलं.

स्वयंपाकघरात पोरगा माझ्यावर घसरला. "आई, काय गरज होती? सगळ्यांसमोर?"

"तू कुणासमोर बोललास? कोपऱ्यात बोललास?"

"मी प्रेमाने बोललो. मला आजोबा आवडायचे."

"आवडू देत. मी कुठं अडवलं? पण त्यासाठी मला ढ म्हणायचं कारण नाही."

"अगं, त्या काळात सगळ्याच मुलींना काढायचे शाळेतून."

"काढायचे ना? मग तसं सांग. मी पळाले असं का सांगतोस?"

सून भांडी लावत होती, पाठमोरीच म्हणाली, "बरोबर बोलतायत आई." पोरगा तिच्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मला आजवर का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू विचारलंस कधी? चाळिशी उलटली तुझी. तुझी आई कितवी शिकली, हे तुला कॉम्प्युटरवर कळलं."

तो लेख मासिकात जायचा होता. ते वाक्य त्यात होतंच. पोरगा म्हणाला, "गाळून टाकतो." मी म्हटलं, गाळायचं नाही, बदलायचं. मग तो लिहून आणायला लागला. एकदा आणलं, आईने वडिलांना हातभार लावण्यासाठी शाळा सोडली. नातीने मला मराठीत वाचून दाखवलं, मी परत पाठवलं. मग आणलं, परिस्थितीमुळे शिक्षण अपुरं राहिलं. मी म्हटलं, परिस्थिती नव्हती, तुझे आजोबा होते. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. तो खाली यायचा, वर जायचा, जिना वाजत होता. शेवटी माझ्यासमोर बसला, पाय पसरून, लहानपणी गणित चुकल्यावर बसायचा तसा, आणि म्हणाला, "तू सांग. तसंच लिहितो." मी सांगितलं: माझी आई हुशार होती. गाडीत बाईमाणूस लागायचं म्हणून तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढलं आणि तिलाच शाळा नको होती असं जगाला सांगितलं. हे खोटं मीही सांगत आलो.

शेवटचं वाक्य टाइप करायला त्याला वेळ लागला. माझं ताक घुसळून झालं तोवर तो तिथंच होता. मग विचारलं, "आई, आजोबा वाईट होते का गं?" मी म्हटलं, "गाडी चांगली चालवायचे." त्याने लेख पाठवला. आता छापून येईल. तुमच्या लाडक्या कंपनीच्या गोष्टीत तुमचं हे कायमचं राहील, इंग्रजीत राहील, मला वाचता येणार नाही अशा भाषेत. मला त्याचं बरं वाटतं. थोडं नाही, चांगलंच बरं वाटतं.

नात विचारत होती, हे पत्र कुणाला. मी म्हटलं, कुणाला नाही, हात चालवतेय. ती म्हणाली, "कूल," आणि गेली. सकाळी पोराने अजून एक विचारलं होतं, आजोबांना तू तोंडावर कधीच कशी बोलली नाहीस? मी म्हटलं, कामातनं सवडच नाही मिळाली. ते खरं नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी दुपारभर एकटी तुमच्या उशाशी असायची, पेज भरवायची, कूस बदलायची. सवड होती. तोंडापर्यंत आलेलंही कितीदा. पण तुम्ही डोळे उघडून, खोटं न बोलता, खरंच विसरून, "कुठली साळा?" असं विचारलं असतंत, तर मग एवढी वर्षं मी कुणावर रागावले होते? त्याची धास्ती होती मला. म्हणून विचारलं नाही.